गाणं ऑनलाइन टाकण्याआधी: शब्द, चाल आणि मास्टर नेमकं कुणाचं?

‘मूळ गायकाची परवानगी घेतली आहे,’ असं सांगून गाणं चढवणारे नवखे बरेच भेटतात. अडचण अशी की शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांतल्या एकाचाही मालक बहुतेक वेळा गायक नसतो. शब्द गीतकाराचे असतात आणि चाल संगीतकाराची. स्टुडिओत तयार झालेल्या ध्वनिमुद्रणाला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात. ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी उचलून ते करून घेतलं, त्या निर्मात्याचं ते असतं. गायक-वादकांचा सादरकर्ता म्हणून हक्क असतो, पण तो वेगळा. वर व्हिडिओ असला तर त्याची मालकी पुन्हा स्वतंत्र. १९५७चा कॉपीराइट कायदा हे सगळे थर वेगळे मोजतो, प्रत्येकाची मुदतही वेगळी धरतो. हे थर वेगळे करता आले की पुढची कामं सोपी होतात.

पायरी १: रकाने पाडा

कागदावर किंवा एक्सेलमध्ये पाच ओळी करा: शब्द, चाल, मास्टर, सादरकर्ते, चित्रफीत. प्रत्येकीसमोर चार गोष्टी लिहा: कर्ता कोण, तो हयात आहे का (नसल्यास मृत्यूचं वर्ष), प्रकाशन कधी झालं, आणि आज हक्क कुणाकडे आहेत. चौथा रकाना रिकामा राहिला तर काम तिथेच थांबवा.

मुदतीचा हिशोब असा. शब्द आणि चाल यांचं संरक्षण कर्त्याच्या हयातीत असतंच. मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून आणखी ६० वर्षं ते टिकतं. ध्वनिमुद्रण आणि चित्रपट यांना प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. सादरकर्त्यांच्या हक्कांना ५० वर्षं. पूर्वी हयातीनंतरची मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले, त्यांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपत आली होती, तेव्हा ऐनवेळी ती १० वर्षांनी वाढवली गेली. म्हणून जुन्या पुस्तकांत ५० वर्षांचा हिशोब दिसला तर तो धरू नका.

‘श्यामची आई’चं उदाहरण घ्या. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे पुस्तकाचा कॉपीराइट ३१ डिसेंबर २०१० रोजी संपला. पुस्तक वाचून ऑडिओबुक करा, नवी पटकथा लिहा, कुणाला विचारायला नको. आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३चा, त्यामुळे चित्रपट म्हणून त्याची मुदत २०१३ अखेर संपली. पण त्याचं संगीत वसंत देसाईंचं आहे आणि ते १९७५ साली गेले, म्हणजे चालींची मुदत २०३५ अखेरपर्यंत आहे. पुस्तक मोकळं, चित्रपट मोकळा, आणि त्यातली चाल मात्र अजून बांधलेली. ‘जुना आहे म्हणजे फुकट आहे’ म्हणणारे अडकतात ते इथेच.

आणखी एक बारकावा मराठीत वारंवार लागतो. कर्त्याच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या साहित्याची मुदत मृत्यूपासून मोजत नाहीत, प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या, त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ साली आली. म्हणून त्या कविता मोकळ्या झाल्या १ जानेवारी २०१३ रोजी, २०१२ला नाही. आणि मोकळे झाले ते शब्द. ओळ वाचताच तुमच्या डोक्यात जी चाल वाजते, ती कुण्या संगीतकाराची आहे.

अभंगांचंही तेच. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, वारकरी परंपरेतली चालही सगळ्यांची. पण रेडिओवर ऐकून पाठ झालेली चाल बऱ्याचदा गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या संगीतकाराने बांधलेली असते. श्रेयनामावलीत ‘पारंपरिक’ लिहिण्याआधी किमान दोन जुन्या ध्वनिमुद्रिकांची श्रेयं तपासा. एकीवर ‘पारंपरिक’ आणि दुसरीवर संगीतकाराचं नाव असेल, तर नाव खरं धरून चाला.

ही सगळी मोजणी भारतापुरती. अमेरिकेचे नियम वेगळे आहेत. त्यामुळे पुण्यात दिसणारा व्हिडिओ न्यू जर्सीतल्या नातेवाइकांना ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ असा दिसला तर गोंधळू नका.

पायरी २: दुसऱ्याचं गाणं गायचं असेल तर

आधी तीन गैरसमज बाजूला करू. ‘दहा सेकंद चालतं’ असा कुठलाही नियम कायद्यात नाही. ‘मूळ कलाकारांना श्रेय’ असं खाली लिहिल्याने परवाना मिळत नाही, उलट गाणं दुसऱ्याचं आहे हे तुम्हाला माहीत होतं याचा तो लेखी पुरावा ठरतो. आणि ‘आम्ही पैसे कमवत नाही’ हे कारण तेवढ्यावर पुरत नाही. खाजगी वापर, समीक्षा आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी कायद्यात सूट आहे. समीक्षा करताना गाण्याचा तुकडा ऐकवून त्यावर बोललात तर तुमची बाजू भक्कम. रीलच्या पार्श्वभूमीला तोच तुकडा वाजवलात तर ती समीक्षा नाही.

कव्हर व्हर्जनसाठी, म्हणजे आधी निघालेलं गाणं नव्याने गाऊन मुद्रित करण्यासाठी, कायद्यात एक वाट आहे, कलम ३१-क नावाने (इंग्रजीत ३१-सी) ती सांगितली जाते. मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं जावी लागतात, मालकाला आणि कॉपीराइट निबंधकांना आगाऊ नोटीस द्यावी लागते, दर कॅलेंडर वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते, आणि तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नसलेला बदल करता येत नाही. वेष्टनावर ‘कव्हर व्हर्जन’ लिहिणंही सक्तीचं. ही तरतूद कॅसेट-सीडीच्या काळाच्या डोक्याने लिहिलेली आहे आणि ती फक्त ध्वनिमुद्रणाची आहे, व्हिडिओची नाही. घरी बसून कव्हर करणाऱ्याच्या कामाची ती नाही, असं आमचं स्पष्ट मत.

व्यवहारात दोन रस्ते उरतात. पहिला, मालकाकडून सरळ परवाना. मालक शोधायला स्ट्रीमिंग ॲपवर गाण्याची माहिती उघडा. गोलातल्या ‘पी’ अक्षरापुढचं नाव मास्टरच्या मालकाचं असतं, गोलातल्या ‘सी’पुढचं नाव बहुधा मुखपृष्ठ आणि इतर मजकुराच्या मालकाचं. शब्द-चालीच्या मालकाचा पत्ता इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे, म्हणजे १९६९ साली स्थापन झालेल्या आयपीआरएसकडे लागतो. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी ही कॉपीराइट सोसायटी. लेबलला, म्हणजे गाणं काढणाऱ्या कंपनीला, मेल लिहिताना हे सगळं पहिल्याच मेलमध्ये द्या: गाणं, चित्रपट किंवा अल्बम, वर्ष, किती सेकंद वापरणार, नव्याने गाणार की मूळ मास्टर वापरणार, कुठल्या माध्यमावर, कुठल्या देशांत, किती वर्षांसाठी, जाहिरात चालू ठेवणार का. यातलं काही सुटलं की उत्तर लांबतं.

दुसरा रस्ता म्हणजे युट्यूबवर कव्हर टाकायचं आणि मालकाने दावा लावला तर जाहिरातीचं उत्पन्न त्याला जाऊ द्यायचं. बहुसंख्य लोक हेच करतात. हा परवाना नव्हे, ही मालकाची मर्जी. तो उद्या व्हिडिओ बंदही करू शकतो. शिवाय कराओके ट्रॅक वापरला असेल तर त्या ट्रॅकचं ध्वनिमुद्रणही कुणाच्या तरी मालकीचं असतं, म्हणजे एकाच व्हिडिओवर दोन दावे येतात. वादक बोलावून स्वतः ट्रॅक केला तर एक दावा कमी होतो.

लघुपट करणाऱ्यांसाठी एक सूचना. बरेच जण स्वस्त पडतो म्हणून ‘फक्त महोत्सवांसाठी’ असा गाण्याचा परवाना घेतात. वर्षभराने ओटीटीवाला विचारतो तेव्हा तोच परवाना तिथे चालत नाही, आणि तोवर लेबलला कळलेलं असतं की तुम्हाला गाणं बदलता येणार नाही. महोत्सवाचा परवाना घेतानाच पुढच्या माध्यमांचा दर लिहून घ्या.

कंपनीच्या, दुकानाच्या किंवा क्लासच्या इन्स्टाग्राम खात्यावरही जपून. वैयक्तिक खात्याला ॲपमध्ये जी गाणी दिसतात, ती जाहिरातीसाठी दिलेली नसतात.

मंचावर गाणार असाल तर शब्द-चालीचा सादरीकरण परवाना आयपीआरएसकडून, आणि रेकॉर्ड वाजवणार असाल तर त्यासाठी मास्टरच्या मालकांचा वेगळा. तो सहसा आयोजक काढतो. डीजेने काढला असेल असं गृहीत धरू नका. लग्नाबाबत कायद्यात सूट आहे: धार्मिक विधी, वरात आणि लग्नाशी निगडित सामाजिक सोहळे. मात्र या सुटीची हद्द कुठे संपते यावर भांडणं चालू असतात. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये या सुटीबद्दल काढलेलं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केलं. हॉटेलवाल्याने जुनं परिपत्रक दाखवलं तर त्यावर विसंबू नका.

पायरी ३: स्वतःचं गाणं असेल तर आधी कागद, मग स्टुडिओ

गाणं गाजल्यावर भांडण होतं, गाजलं नाही तर होत नाही. म्हणून कागद गाजण्याआधीच करायचा. गीतकार, संगीतकार, संगीत संयोजक, गायक, मुख्य वादक आणि पैसे घालणारा, या प्रत्येकाशी एक-दोन पानी करार पुरतो. त्यात काय असायला हवं ते कायदाच सांगतो, आणि नसेल तर रिकामी जागा कशी भरायची तेही.

हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनेच होतं. व्हॉट्सॲपवरचं ‘चालेल दादा, वापर’ हे फार तर परवानगीचा पुरावा. मालकी त्याने बदलत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही नसेल, तर तो परत जातो. ‘सर्व माध्यमांसाठी’ हे शब्द नव्या लोकांना भीतीदायक वाटतात, पण २०१२च्या दुरुस्तीनंतर त्यांची धार कमी झाली आहे. करारावेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, ते स्पष्ट नावानिशी लिहिलेलं नसेल तर त्यात येत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंनी माध्यमांची नावं लिहा: स्ट्रीमिंग, डाउनलोड, शॉर्ट्स-रील्स, कॉलर ट्यून, टीव्ही, चित्रपटगृह, जाहिरात. पुढे आणखी काही निघालं तर नव्याने बसून बोलता येईल.

त्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना एक न विकता येणारी गोष्ट दिली. चित्रपटातलं गाणं चित्रपटगृहाबाहेर वापरलं गेलं की येणाऱ्या रॉयल्टीत त्यांचा समान वाटा असतो. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो, निर्मात्याला नाही. चित्रपटात नसलेल्या गाण्यालाही असंच संरक्षण आहे. ‘रॉयल्टीवर कुठलाही दावा करणार नाही’ असं कलम समोर आलं तर नम्रपणे खोडायला सांगा. खोडलं नाही तरी कायदा ते मानत नाही, पण आधी खोडलेलं बरं. नावाचंही तसंच. हक्क विकले तरी कर्ता म्हणून नाव मिळण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो.

संगीत संयोजकाबद्दल इथे थोडं थांबायला हवं, कारण घोळ सर्वांत जास्त तिथे होतो. चाल तुमची असते, पण सुरुवातीचा तुकडा, मधले म्युझिक पीसेस आणि तो कानात बसणारा बासरीचा हुक त्याने लॅपटॉपवर बांधलेला असतो. पुढे तो म्हणतो, चालीत माझाही वाटा. तो खरा असूही शकतो. करारात एकच वाक्य हवं: त्याने बांधलेले तुकडे चालीचा भाग धरायचे की मानधनावर केलेलं काम. चालीचा भाग असेल तर टक्के ठरवा. सोबत एक वाटणीपत्रक करा: शब्द ५०, चाल ५०, आणि चालीच्या ५० मधले संगीतकार ४०, संयोजक १० असं. बेरीज १०० यायलाच हवी. प्रत्येकाने सोसायटीकडे आपापला आकडा सांगितला आणि एकूण ११५ झाला, तर पैसे कुणालाच मिळत नाहीत, वाद मिटेपर्यंत अडकून पडतात. नावं पॅन कार्डावर आहेत तशीच लिहा. ‘राजू’, ‘राजेंद्र’ आणि ‘राजेंद्रकुमार’ ही संगणकाला तीन माणसं वाटतात.

मास्टर कुणाचा हेही लिहा. स्टुडिओचं भाडं तुम्ही दिलं, वादकांना पैसे तुम्ही दिले, तर निर्माते तुम्ही. पण स्टुडिओवाला मित्र आहे म्हणून त्याने फुकटात केलं, तर पुढाकार आणि जबाबदारी कुणाची यावर चर्चा सुरू होते. पावती घ्या, शंभर रुपयांची का असेना. शेवटचा हप्ता देण्याआधी स्टुडिओकडून २४ बिटची वेव्ह फाइल, गायन नसलेला ट्रॅक आणि स्टेम्स (गायन आणि वाद्यं यांच्या सुट्या फाइली) हातात घ्या. एमपीथ्री घेऊन घरी गेलेल्याला वर्षभराने दुसरा मिक्स करायचा तर पुन्हा मुद्रण करावं लागतं.

पायरी ४: लूप्स, फुकट संगीत आणि कृत्रिम आवाज

लूप्स म्हणजे गाण्यात बसवायला मिळणारे तयार संगीताचे तुकडे. त्यांच्या परवान्यात ‘रॉयल्टी-मुक्त’ लिहिलेलं असलं तरी तेच लूप हजारो लोकांकडे असतं. त्यातून येणारा घोळ पायरी ६ मध्ये सांगितला आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे ठरावीक अटींवर मोकळं दिलेलं, संगीत घेताना परवान्यातली अक्षरं वाचा. ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नाही, जाहिरात चालू असलेला चॅनेल त्यात बसवू नका. ‘एनडी’ म्हणजे बदल नाही, आणि व्हिडिओवर संगीत बसवणं हाही तिथे बदलच धरला जातो. परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा, कारण अपलोड करणारा नंतर परवाना बदलतो किंवा पान काढून टाकतो.

प्रसिद्ध गायकाचा आवाज सॉफ्टवेअरने काढून गाणं करायचा मोह असेल तर तो कॉपीराइटच्या पलीकडचा प्रश्न आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा नकलांवर व्यक्तिमत्त्व-हक्कांच्या (स्वतःचं नाव, चेहरा, आवाज यांवरच्या हक्कांच्या) आधारे मनाई केली.

पायरी ५: नोंदणी

कॉपीराइट नोंदणीविना मिळतो. कृती शब्दात, सुरात किंवा फितीत उतरली की तो तुमचा. नोंदणीचा उपयोग पुरावा म्हणून. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर नमुना १४ भरायचा. शब्दांसाठी आणि चालीसाठी प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाला २,००० आणि चित्रफितीला ५,०००. अर्ज केल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. अर्जदार आणि कर्ता वेगळे असतील तर कर्त्याचं ना-हरकत पत्र लागतं, ते नसल्याने अर्ज अडकतात. पैसे मोजकेच असतील तर आधी शब्द आणि चाल नोंदवा. स्वतःलाच रजिस्टर पाकीट पाठवून ते न फोडता ठेवण्याची जुनी युक्ती नोंदणीची जागा घेत नाही.

पायरी ६: डिस्ट्रिब्युटर

स्ट्रीमिंग सेवांवर गाणं थेट देता येत नाही, ते तिथे पोचवणारी मधली कंपनी, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, लागतो. वेव्ह फाइल, ३००० बाय ३००० पिक्सेलचं मुखपृष्ठ आणि श्रेयं द्यायची. प्रकाशनाची तारीख तीन-चार आठवडे पुढची ठेवा. प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. तो जपा. डिस्ट्रिब्युटर बदलताना नवा क्रमांक घेतला तर जुने श्रवण-आकडे नव्या प्रतीला जोडले जात नाहीत. आयएसआरसी मास्टरचा असतो. शब्द-चालीची नोंद आयपीआरएसकडे वेगळी करावी लागते. डिस्ट्रिब्युटर पैसे देतो म्हणजे सगळे पैसे आले, असं समजून कितीतरी गीतकार सोसायटीची रॉयल्टी सोडून देतात. गायक-वादकांसाठी इसाम्रा ही वेगळी सोसायटी आहे.

अपलोडच्या पानावर ‘युट्यूब कन्टेन्ट आयडी’चा चौकोन असतो. गाण्यात दुसऱ्याचं लूप, कराओके ट्रॅक किंवा सर्वांना मिळणारी तानपुरा-फाइल असेल तर तो चौकोन मोकळा सोडा. कन्टेन्ट आयडी ध्वनीचा ठसा घेते. लूप तुमच्या नावाने नोंदलं गेलं की तेच लूप वापरणाऱ्या सगळ्यांवर तुमच्या नावाने दावे जातात, आणि डिस्ट्रिब्युटर खातं बंद करतो. गाणं पूर्ण तुमचं असेल तर चौकोन जरूर भरा, पण स्वतःचा चॅनेल ‘सूट-यादी’त घालायला सांगा. नाहीतर पहिला दावा तुमच्याच व्हिडिओवर येतो.

पायरी ७: दावा आला तर

दावा आणि स्ट्राइक यांत फरक आहे. कन्टेन्ट आयडीच्या दाव्याने चॅनेलला धोका नसतो. उत्पन्न मालकाकडे जातं किंवा व्हिडिओ काही देशांत बंद होतो. स्ट्राइक म्हणजे मालकाने कायदेशीर मागणी करून व्हिडिओ काढायला लावला. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले की चॅनेल जाऊ शकतो.

दावा दिसताच घाबरून व्हिडिओ पुसू नका. युट्यूब स्टुडिओत व्हिडिओसमोरच्या ‘कॉपीराइट’ शब्दावर जाऊन तपशील उघडा. कितव्या सेकंदापासून, कुणाचा, मास्टरचा की चालीचा, हे तिथे दिसतं. तुकडा कापता येतो, आवाज बंद करता येतो, गाणं बदलता येतं. तुमच्याकडे परवाना असेल किंवा कृती मोकळी असेल तर हरकत घ्या. हरकत पाच दिवसांत घेतली तर मधलं उत्पन्न पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवलं जातं. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस असतात. त्याने नाकारलं तर अपील, तिथे ७ दिवस. अपीलनंतर तो व्हिडिओ काढायला लावू शकतो आणि मग स्ट्राइक येतो, म्हणून कागद हातात असेल तरच अपीलपर्यंत जा. हरकतीच्या चौकटीत भावना लिहू नका. ‘शब्द: संत तुकाराम, चाल: पारंपरिक, मुद्रण: आमचं, वादकांचे करार उपलब्ध’ अशा चार ओळी पुरतात.

आणि तुमचंच गाणं कुणी चोरलं तर? दुवा, मूळ प्रकाशनाची तारीख, आयएसआरसी किंवा नोंदणी क्रमांक आणि सही घालून संकेतस्थळाला लेखी तक्रार करा. भारतीय नियमांनुसार तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत तो मजकूर अडवावा लागतो. ही अडवणूक २१ दिवसांची असते. तेवढ्यात सक्षम न्यायालयाचा आदेश हाती आला नाही तर मजकूर पुन्हा दिसू लागू शकतो. म्हणून तक्रार पाठवली त्याच दिवशी वकिलाला फोन करा, विसाव्या दिवशी नाही.